कुलपातला आवाज

केयूरच्या कॉम्प्युटरने पुन्हा मान टाकली. निळा पडदा, त्यावर कसलासा कोड, मग काळोख. मागे पलंगावर बसलेल्या आईने पाटीवर लिहिलं, ‘त्यालाही दवाखान्यात न्यायचं का?’ आणि पाटी त्याच्या नाकासमोर धरली.

“होईल गं, होईल,” केयूर म्हणाला आणि पाठमोराच राहिला.

आईच्या, म्हणजे वृंदाताईंच्या, गळ्यात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला भोक, त्यात नळी आणि मांडीवर पाटी. जन्मभर बोलण्यात कुणाला हार न गेलेली बाई. घराजवळच्या, डमडमच्या मासळीवाल्यालाही मोडक्या बंगालीत गप्प करायची. आता तिला कुकर बंद करा एवढं सांगायला टाळी वाजवावी लागे. घरात ती टाळी ऐकू आली की केयूर हातातलं टाकून उठायचा.

पण एक आशा होती, आणि ती ह्याच कॉम्प्युटरवर होती. ऑपरेशनच्या आधी आईने रोज सकाळी माइकसमोर बसून शेकडो वाक्यं बोलून ठेवली होती. त्यावरून प्रोग्रॅम तिचा आवाज शिकणार, मग तिने फोनवर टाइप केलं की फोन तिच्याच आवाजात बोलणार. ही शिकवणी कॉम्प्युटरला जड असते, म्हणून केयूर आधी प्रोग्रॅमबरोबर आलेल्या एका परक्या बाईच्या आवाजावर रंगीत तालीम घेत होता. तीच मध्येच कोसळत होती.

वाक्यांच्या यादीत घरातल्या माणसांची नावंही होती. आई तिथे अडली होती.

“ह्यांचं नाव? मी नाही घेणार बाई. ‘अहो’ पुरे.”

“आई, मशीनला सगळं लागतं.”

श्यामकांत, म्हणजे केयूरचे बाबा, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले. ते दारातून म्हणाले, “लग्नात एकदा घेतलंस. बहिणींनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात. तेव्हा नेमका बँड वाजत होता, मला काही ऐकू आलं नाही. तेवढं एक राहिलंय.”

हे गाऱ्हाणं केयूर लहानपणापासून ऐकत आला होता. एरवी आई म्हणायची, “चुकी बँडवाल्याची.” त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “घेईन. पण केयूर, तू ऐकायचं नाहीस. कुणीच नाही. थेट मशीनने ऐकायचं, आणि मग मशीनने ह्यांना ऐकवायचं.”

आईला एवढी लाज वाटावी ह्याचं केयूरला हसू आलं, पण त्याने शब्द पाळला. रोज तिचं बोलून झालं की तो न ऐकताच सगळी रेकॉर्डिंग्ज एका दाबून बांधलेल्या, झिप फाइलीत भरायचा, आईच्याच पासवर्डचं कुलूप लावायचा आणि सुट्या फाइली पुसून टाकायचा. त्या बंद फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर, आदल्या दिवशीची पुसून. ती बोलत असताना बाबा बंद दाराला कान लावून उभे राहायचे. पंख्याच्या घरघरीपलीकडे त्यांच्या कानी काही पडलं नाही.

आता खरं सांगायचं तर दुखण्याचं मूळ केयूरच्याच बोटांत होतं. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची, हा त्याचा जुना शौक. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आई म्हणायची, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आईची रेकॉर्डिंग्ज चालू असतानाच मदरबोर्डचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, आलं. चांगलं चाललं होतं, पण ह्याचा हात शिवशिवला. फर्मवेअर बदललं की जुन्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात. त्याने फोनमधला फोटो पाहून जुने आकडे जसेच्या तसे भरले. मशीन चालू झालं. मेमरीची कसून चाचणी घ्यायला सबंध रात्र लागते, आणि सकाळी आईला बसायचं होतं. चालू झालं ना, मग झालं तर. एरवी ऑफिसात दुसऱ्याने असं केलं असतं तर ह्यानेच त्याला फाडून खाल्लं असतं.

आणि आता साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. आधी त्याने ग्राफिक कार्डावर आळ घेतला. मग उन्हाळ्यावर, मग घरातल्या विजेवर. मग रॅमच खराब म्हणून एस्प्लनेडजवळच्या चांदनी बाजारात जाऊन नवी जोडी आणली. दुकानदार म्हणाला, “ये लगाइये दादा, रॉकेट चोलबे.” म्हणजे रॉकेटसारखं पळेल. रॉकेट तासाभरात कोसळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेवटी त्याने चाचणी लावली. पडद्यावर लाल ओळी पडू लागल्या. तो एकेक सेटिंग पुन्हा पाहू लागला, आणि एका ओळीवर थांबला. मेमरी सांभाळणाऱ्या भागाचा व्होल्टेज त्याने ‘ऑटो’वर ठेवला होता, पूर्वीसारखाच. जुनं फर्मवेअर ऑटोवर सढळ हाताने वीज द्यायचं. नवं काटकसरीचं होतं. वेग तोच, वीज कमी. मेमरी अधूनमधून एखादा आकडा विसरत होती आणि त्या जागी मनाने दुसरा ठेवत होती. कुणालाही न सांगता.

त्याने सगळा ताण काढला, रॅम कंपनीच्या साध्या वेगावर आणली. चाचणी स्वच्छ गेली. परक्या बाईची तालीमही अडखळल्याशिवाय पार पडली. केयूर इतका खूश झाला की स्वयंपाकघरात जाऊन त्याने आईला कडकडून मिठी मारली.

“आई, झालं. आज तुझा आवाज.”

बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले आणि आईशेजारी खुर्ची ओढून बसले. “आधी तेवढं नाव,” ते म्हणाले. आईने त्यांना डोळ्यांनी दटावलं. तरी पासवर्ड टाइप करताना ती लाजत होती.

पासवर्ड बरोबर होता. फाइल उघडली नाही. डेटा खराब आहे, असं एका ओळीत लिहून आलं.

केयूरने पुन्हा प्रयत्न केला. पेनड्राइव्ह लावला. तीच ओळ. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. फर्मवेअर बदलल्यावरही रोज ती सगळी फाइल त्याच बिघडलेल्या मेमरीतून जाऊन नव्याने बांधली जात होती. असल्या दाबून बांधलेल्या, कुलूपबंद फाइलीत आकडे बिघडले की सगळंच गाळ. पेनड्राइव्हवर गाळाचीच प्रत होती. पुसलेल्या सुट्या फाइली शोधायला त्याने एक प्रोग्रॅम लावला. त्याला काही सापडलं नाही. एकदा जरी उघडून ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, तेव्हा आईला आवाज होता. पण ऐकायचं नाही असं ठरलं होतं.

“काय रे?” बाबांनी विचारलं.

“बाबा, गेलं.”

“काय गेलं?”

“सगळं. माझ्यामुळे. मी उगाच हात लावला.”

“दुसऱ्या कुणाला दाखवू. बाजारात कुणीतरी—”

“नाही निघणार, बाबा.”

बाबा शर्टाचं वरचं बटण लावत, काढत बसले. ते ओरडले असते तर केयूरला बरं वाटलं असतं. आईने पाटी उचलली, खडू टेकवला, काहीच न लिहिता पाटी पलंगावर पालथी ठेवली. मग तिने बाबांचा हात ओढून त्यांना आपल्याकडे वळवलं. त्यांच्याकडे पाहत तिचे ओठ सावकाश हलले. गळ्याच्या नळीतून नुसता वारा आला.

“काय म्हणतेय ती?” बाबांनी विचारलं.

केयूरने ओठ पाहिले होते. तो म्हणाला, “तुमचं नाव, बाबा.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

“पुन्हा घे,” ते म्हणाले, आणि त्यांनी आपला कान तिच्या ओठांशी नेला.