गणितातलं कापड

कात्री हातात आली की सूनबाईचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. शाळांचे गणवेश शिवणारा तो कारखाना, आणि कापड कापायचं मुख्य टेबल तिचं. सदऱ्यांचा जाडजूड थर एका दमात कापायची, पण एकाचाही खांदा कधी वाकडा गेला नाही. हीच बाई कागदावर गणित दिसलं की मात्र पार गळपटायची.

आणि नेमकं गणितच आडवं आलं होतं. शिवण शिकवणाऱ्या संस्थेत शिक्षिकेची जागा होती. शिकवायचं तिच्या मनात शाळेपासून होतं. शाळेत सगळ्यांनी तिला 'ढ' ठरवलं तेव्हासुद्धा होतं. त्या जागेसाठीच्या परीक्षेला ती दोनदा बसली. प्रात्यक्षिकात दोन्ही वेळा पहिली आली आणि गणितात दोन्ही वेळा आपटली. पास व्हायला चाळीस लागत. तिला आधी एकतीस पडले, मग चौतीस. आता वयाची अट आडवी येत होती, म्हणजे ही शेवटची खेप.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिच्या सासूबाई जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पण त्यांना विचारणार कोण? पोरं त्यांना पाठीमागून 'करकटक' म्हणायची, आणि उगाच म्हणत नव्हती; त्यांचं बोलणंच तसं टोचणारं. आपण ढ आहोत हे सासूबाईंना कळू नये म्हणून सूनबाईने दोन परीक्षा एकटीने दिल्या होत्या. शेवटी नवऱ्यानेच जेवताना विषय काढला. सासूबाईंनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "मग उद्यापासून बसायचं का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली.

"साडेसात मीटर कापड आहे. पाऊण मीटरचे तुकडे किती होतील?"

सूनबाईने बराच वेळ कागद खरडला आणि म्हणाली, "नऊ."

"नऊ कसे? दहा होतात!"

"दहा कसे होतील, आई? टोक तिरकं असतं, ते सरळ करण्यात चार बोटं जातात. शिवाय सुती कापड धुतल्यावर आटतं."

"अगं, गणितातलं कापड धुवायचं नसतं!" सासूबाई कडाडल्या. आतल्या खोलीत नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

सरासरी निघाली तेव्हा तर युद्धच पेटलं. पाच मुलींची सरासरी उंची एकशे चाळीस सेंटिमीटर. सहावी आली आणि सरासरी एकशे बेचाळीस झाली, तर सहावीची उंची किती?

"सरासरीवर झगा बेतला तर एकीलाही बसणार नाही," सूनबाई म्हणाली. "त्यांना उभं करून एकेकीचं माप घ्या की."

"मापं घ्यायला त्या आहेत कुठे? त्या पुस्तकात आहेत!"

आठवडाभर असंच चाललं. सूनबाई रोज रडवेली होऊन उठायची आणि सासूबाई डोकं धरून बसायच्या. पण करकटक झालं तरी हाडाची शिक्षिका. तपासलेले कागद एके दुपारी शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कच्ची पोरं कशीही चुकतात, इकडे नाहीतर तिकडे. ही मात्र सारखी एकाच बाजूला चुकते. तुकडे काढायचे असले की उत्तर कमी आणि कापड मागवायचं असलं की जास्त, म्हणजे कापड कधी अपुरं पडू नये अशा बेताने. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि तडक कारखाना गाठला.

सासूबाईंना दारात बघून सूनबाईने कात्री खाली ठेवली. "घरी काही झालं का?"

"काही नाही. तू कर तुझं काम."

सूनबाईने खडूने सदऱ्याची रेघ ओढली. मग तिच्या बाहेरून बोटभर अंतर सोडून दुसरी ओढली आणि त्या दुसऱ्या रेघेवर कात्री चालवली.

"ही दुसरी कशाला?"

"ही माया, आई. शिवणीत जाते. ती सोडली नाही तर सदरा अंगात शिरणार नाही."

सासूबाईंनी त्या दोन रेघांमधल्या अंतरावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाल्या, "तुला गणित येतं गं. तू एका गणितात दोन गणितं करतेस, एवढंच." कारखान्याच्या गोंगाटात सूनबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिला गणित येतं असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. गणिताचं उत्तर म्हणजे आतली रेघ. ती ओढायची आणि पेन खाली ठेवायचं. सरासरीचंही सासूबाईंनी कोडं सोडवून दिलं. "सहावी मुलगी स्वतःपुरते एकशे बेचाळीस आणते, आणि आधीच्या पाचजणींना दोन दोन वाटायला वर दहा आणते. किती झाले?"

"एकशे बावन्न!" सूनबाई ओरडली. टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाला.

परीक्षेच्या दिवशी सासूबाई बरोबर गेल्या. नको म्हणून ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या! पेपर संगणकावर होता. मध्यावर प्रश्न आला: ताग्यातलं एक तृतीयांश कापड वापरलं, उरलेल्याचं एक चतुर्थांश विकलं, अठरा मीटर शिल्लक राहिलं, तर मूळ तागा केवढा? सूनबाईच्या बोटांनी सवयीने अडतीस टिपलं, कारण ताग्याचं शेवटचं टोक नेहमी मळकं निघतं. मग ती थांबली. दोन तृतीयांशाचं पाऊण म्हणजे अर्धा तागा. अठराचे दुप्पट छत्तीस. तिने अडतीस पुसलं, छत्तीस टाकलं आणि पुढे गेली.

शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर गुण आले. ते तिने पुन्हा पुन्हा वाचले. पर्यवेक्षकाने उठायला सांगितलं तेव्हा कुठे ती उठली, आणि बाहेर येईपर्यंत तिला रडू आवरेना.

तिचा चेहरा बघताच सासूबाई झपाझप पुढे आल्या. हातात कसलासा छापील कागद होता. "रडू नकोस. आधी ऐक. मी आत ऑफिसात जाऊन भांडून आले. वयाच्या अटीत सवलत मिळते, त्याचा अर्ज असतो. तो कारकून द्यायला तयार नव्हता, मी हललेच नाही. हा घे. पुढच्या वर्षी आपण पुन्हा बसू. आणि नाही झालं तर त्याच्या पुढच्या वर्षी. मी कुठे जातेय? चुकलं असेल तर माझं शिकवायचं चुकलं असेल, तुझं डोकं चांगलं आहे."

सूनबाईला त्यांना थांबवायला हवं होतं. पण असं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडत होतं, म्हणून तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "सदुसष्ट पडले, आई."

सासूबाईंनी हातातल्या अर्जाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"शंभरपैकी?"

"शंभरपैकी."

"मग बाकीचे तेहतीस कुठे घालवलेस?" त्यांनी दरडावून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भर रस्त्यात सुनेला घट्ट मिठी मारली.