पातं उचल, रेघ आली!

मित्रांनो, मी एक जुना बर्फ ढकलणारा ट्रक आहे. रंग नारिंगी, पुढे भलंमोठं पोलादी पातं आणि डोकं कायम तापलेलं. का तापणार नाही? आमचं शहर एकच, पण ते अमेरिकेतल्या दोन राज्यांत सांडलंय. मधून एक रस्ता जातो. त्याची पूर्वेकडची बाजू मिसूरीची, पश्चिमेकडची कॅन्ससची आणि मध्ये एक पिवळी रेघ. माणसं दिवसभर ती ओलांडतात. राहतात इकडे, कामाला जातात तिकडे, फुटबॉलच्या एकाच टीमसाठी घसा फोडतात. पण बर्फ पडला रे पडला, की सगळ्यांना आपापलं राज्य आठवतं!

मी मिसूरीकडच्या काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या ऑफिसचा. नवा आलो तेव्हा काय कौतुक झालं माझं! शाळेतल्या मुलांनी मतं देऊन माझं नाव ठेवलं 'भुकेलं अस्वल', आणि ते दारावर रंगवलंही. लोरेटा मला चालवायची. तिच्या हातात असलो की माझं इंजिन कधी कुरकुरलं नाही.

कुरकुर होती ती कामाच्या पद्धतीबद्दल. बर्फ कडेला ढकलला की लोकांच्या दारांपुढे ढीग साचायचे आणि लोक फोनवरून ऑफिसचं डोकं खायचे. म्हणून फर्मान निघालं, बर्फ मधोमध ढकला. पलीकडच्या शहाण्यांनाही नेमकं हेच सुचलं! मी इकडून ढकलायचो, कॅन्ससचा हिरवा ट्रक तिकडून, आणि रेघेवर छातीएवढी भिंत उभी राहायची. ती हटवायची कुणी? इकडचे म्हणायचे तिकडच्यांनी, तिकडचे म्हणायचे इकडच्यांनी. कपाळ माझं!

लोरेटाचे वडील वेंडेल कॅन्ससच्या बाजूला राहायचे. त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसचं केंद्र मिसूरीच्या बाजूला, त्यांच्या खिडकीतून दिसेल इतकं जवळ. त्या जानेवारीत वादळामुळे त्यांची एक खेप चुकली. दुसरी चुकली असती तर जिवावर बेतलं असतं. सकाळी भिंतीपलीकडे ते दारात उभे दिसले. लोरेटानं मला थांबवलं आणि ती भिंतीवर चढली.

"डॅडी, दम लागतोय का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझं काम कर!" असं म्हणता म्हणता ते पायरीवर बसले. पाय भोपळ्यासारखे सुजलेले.

"शेजारचा नेईल गं मला गाडीनं, फिरून."

"फिरून कुठून? भिंत रस्ताभर आहे आणि तुमच्या मागच्या गल्ल्या अजून बर्फाखाली आहेत!"

एवढ्यात वायरलेसवर आमचे साहेब गॅरिटी खेकसले, "लोरेटा, ट्रक का थांबलाय?"

"भिंत फोडतेय."

"अजिबात नाही! रेघ आली की पातं उचलायचं. पलीकडे काही झालं तर विमा मिळत नाही. कॅन्ससवाल्यांना सांग."

"मघाशीच सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला सांगा."

तिनं वायरलेस बंद केला आणि माझ्या स्टिअरिंगवर थाप मारली. "चल रे अस्वला!"

मित्रांनो, जन्मभर त्या रेघेपाशी मी पातं उचलत आलो होतो. त्या दिवशी नाही उचललं. भिंत फोडून थेट वेंडेलच्या पायरीपर्यंत रस्ता केला. लोरेटानं त्यांना उचलून केबिनमध्ये बसवलं.

"अखेर मिसूरी कॅन्ससच्या उपयोगी पडली म्हणायची," ते धापा टाकत म्हणाले. "तरी बार्बेक्यूचा सॉस आमचाच चांगला हं!"

"गप्प बसा हो, डॅडी," लोरेटा म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती.

डायलिसिस वेळेत झालं आणि वेंडेल वाचले. मग दोन्हीकडचे साहेब पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. मला वाटलं, चला, आता भिंतीचा निकाल लागेल. कसलं काय! एकमतानं ठरलं की असा प्रकार पुन्हा घडता कामा नये. लोरेटाला ऑफिसात बसवलं आणि मला, जुना झालाय म्हणून, आवारात. आता मी गंजतोय. कुणी ग्रीसचं बोटसुद्धा लावत नाही.

परवा बर्फ पडल्यावर लोरेटा मला भेटायला आली. म्हणाली, "अस्वला, भिंत पुन्हा झालीय. पण डॅडींच्या दारासमोर एक वाट आहे. शेजाऱ्यांनी फावड्यांनी खणली. दोन्ही बाजूंनी."

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, गंजू देऊ नका. आणि पलीकडे कुणी दारात अडकलेलं दिसलं, तर रेघ कुणाची ते नंतर बघा. माझं पातं अजून जमिनीला टेकलेलं आहे. ते मी आता उचलणार नाही.