मृणाल अक्षरांची शेवटची पत्रिका

मी मृणाल बोलते आहे. नावावरून मला कोणी बाई समजू नये. मी छपाईची अक्षरमाला आहे, शिशाच्या खिळ्यांत ओतलेली. सध्या माझा मुक्काम सांगलीतील एका छापखान्याच्या उंबऱ्याशी, गोणपाटाच्या पोत्यात आहे.

माझे वळण येथल्याच एका चित्रकला-शिक्षकांनी बोरूने रेखाटले. इंग्रजी पुस्तकांतील अक्षरांच्या पायांशी नाजूक टाचा असतात. त्या त्यांना फार आवडत. आपल्या अक्षरांना तशी टाच नसते, म्हणून त्यांनी माझा प्रत्येक दांडा खाली टेकताना किंचित तिरका छाटला. दांडा भरीव, वेलांटी केसासारखी बारीक. पुण्याच्या ओतशाळेत मी ओतली गेले आणि लाकडी खणांतून सांगलीला आले.

छापखाना मनुबाईंच्या यजमानांचा. हळदीच्या अडत्यांची पत्रे, माधवनगरच्या गिरण्यांची लेबले, लग्नपत्रिका, सारे माझ्यात छापले जाई. यजमान गेल्यावर मनुबाई स्वतः खिळे जुळवू लागल्या. त्यांना वेडीवाकडी ओळ खपत नसे. मजकूर वाचताना त्या चष्मा पुसत, आणि गिऱ्हाइकाला घाई असली तर आणखी सावकाश पुसत.

पुढे संगणक आला, फ्लेक्सचे फलक आले. कृष्णेच्या महापुरात खण बुडाले. मनुबाईंनी मला चिखलातून वेचून, धुऊन पुन्हा जागच्या जागी ठेवले. कित्येक खिळे तरीही वाहून गेले. मुलगा इंद्रजित म्हणू लागला, “आई, ह्या शिशाच्या जागेत फलक छापायचं मशीन बसतंय.” मनुबाई खिळे पुसत राहत. मी मात्र ऐकत असे, आणि माझ्या जिवाला घोर लागे.

या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातून लालासाहेब आले. निवृत्त सुभेदार, नात अंकिता हिचे लग्न. “ताई, माझी पत्रिका ह्याच अक्षरात छापली होती. नातीची बी ह्यातच पायजे.”

इंद्रजितने तेवढ्यात अट घातली. “हे काम बिनतक्रार पार पडलं, तर खण राहतील. न्हाई तर मोडीत.”

मनुबाई “बरं” म्हणाल्या. माझे भवितव्य त्या एका पत्रिकेवर येऊन ठेपले.

आमच्या भागात पत्रिकेवर सारी भावकी लागते, आणि प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या नावापुढे मानाचा ‘सो’, म्हणजे साहेब, लागतो. आप्पासो, दादासो, बाबासो, तात्यासो. पुण्याच्या ओतशाळेने माझे ‘स’ पुण्याच्या हिशेबाने, मोजकेच ओतलेले. त्यांतले बरेच पुरात गेलेले. भावकी संपली आणि ‘स’ही संपले. वधूच्या मामांची नावे तेवढी उरली.

“तेच ‘स’ काढून दोनदा छापावं, तर मशीनची पकड गेलीय. ओळी सरकतील,” मनुबाई म्हणाल्या. “मामांचा ‘सो’ गाळला तर?”

लालासाहेब खुर्चीत सावरून बसले. “ताई, तासगावचे पाव्हणे हायत ते. ‘सो’ काढला तर माणूस उघडा पडतोय. त्यापेक्षा लग्नाची तारीख गाळा.”

इंद्रजितने दुसऱ्या खणातले जाड, बोथट ‘स’ आणून ठेवले. “हे घाला. कोण बघतंय?”

मनुबाईंनी ते उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. तारीख तोंडावर आली होती. माझ्या नाजूक अक्षरांमध्ये ते परके ‘स’ बसले, आणि त्या शेजाराने मला अंग चोरावेसे वाटले.

पत्रिका वाटल्या गेल्या. आठवड्याच्या आत मोठे मामा आप्पासो पत्रिका हातात धरून छापखान्यात उभे. मागे लालासाहेब, टोपी काढलेली.

“तुमच्या भावकीला सोन्याची अक्षरं, आन् आमच्या नावाला ठिगळ?” मामांनी बोट टेकवले. “आमी परके हाय व्हय?”

“आवं, खिळे कमी पडले हो,” मनुबाई म्हणाल्या.

“आमच्याच टायमाला कसे कमी पडले? भावकीत एक बी कमी पडला न्हाई.”

मामा शांतपणे म्हणाले, “पोरगीला मांडवात आणायला मामा लागतोय. तवा आता तुमच्या भावकीतलाच कोणतरी बघा.”

लालासाहेबांचा चेहरा उतरला. अंकिता मामांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. त्यांच्याशिवाय ती बोहल्याकडे पाऊल टाकणार नव्हती.

इंद्रजितने संगणकावर सारी पत्रिका नव्याने केली. सगळी नावे एकाच जाड अक्षरात. मामांनी ती डोळ्यांजवळ धरून तपासली आणि मान हलवली. लग्नात भाचीला त्यांनीच मांडवात आणले, असे नंतर लालासाहेब येऊन सांगून गेले. मला त्याचे समाधान आहे. खोटे कशाला बोलू?

पण अट अट होती. मनुबाईंनी एकेक खण स्वतःच्या हाताने पोत्यात रिकामा केला. इंद्रजित म्हणाला, “राहू दे आई, मी भरतो.” त्या म्हणाल्या, “तुला उलटसुलट पडलेलं चालतं. मला चालत नाही.” आणि पोत्यातही त्यांनी मला सरळ ठेवण्याचा प्रयत्न केला.

उद्या मोडवाला येईल. मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या गोळ्यांसाठी शिसे हवे आहे म्हणतात. ते जाड ‘स’ही याच पोत्यात आहेत, वितळल्यावर आम्हांला वेगळे काढणे कोणत्याही मामांना जमणार नाही.

वाचकहो, माझे वळण जुन्या पत्रिकांवर अजून शाबूत आहे. त्यावरून कोणी मला पुन्हा घडवलेच, तर एवढे करावे: आमच्या मुलखासाठी ‘स’ भरपूर ओतावेत, आणि मामांची नावे आधी जुळवावीत.