डोलीतला दगड

वरून डोली रिकामी आणायची नाही, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. सवारी वर सोडली आणि उतरायला दुसरी मिळाली नाही, तर पाटावर एक दगड ठेवायचा, तो खाली आणायचा आणि तळाच्या ढिगावर टाकायचा. मला हा नियम कधी पटला नाही. चौदाशे पायऱ्या माणसं वाहून खांद्याची सालटी निघतात, त्यात आणखी दगड वाहायचे, तेही फुकट? किल्ल्याच्या पडक्या तटाचे निम्मे दगड आमच्या बापजाद्यांनी असेच खाली आणलेत. वस्तीतल्या घरांचे पाये, धुण्याचे ओटे, सगळे त्याच दगडांचे. शत्रूला तोफांनी जे जमलं नाही ते आम्ही डोल्यांनी केलं, असं मी सवाऱ्यांना सांगायचो आणि त्या हसायच्या.

डोली म्हणजे काय, तर एक लांब जाड बांबू आणि त्याला चार दोरांनी टांगलेला, पाठ लावलेला पाट. एक जण पुढे, एक मागे. रिकामा पाट वाऱ्यात हेलकावे खातो आणि अरुंद पायऱ्यांवर माणसाचा तोल जातो, म्हणून दगड. एवढं कारण मला पुरेसं होतं. पण वर दर्ग्यात राहणारे म्हातारे मुजावर आणखी एक सांगायचे, आणि माझे वडील त्यावर मान डोलवायचे. रिकाम्या पाटावर कुणीतरी येऊन बसतं. डोळ्यांना दिसत नाही, खांद्याला कळतं, आणि वजन ओळखीचं असतं. ज्याचं वजन, त्याची खेप संपली. तळाला डोली जमिनीला टेकली की तो माणूस गेला. वडिलांच्या जोडीदाराने म्हणे एकदा असंच स्वतःच्या आईला उतरवलं होतं. घरी पोचला तेव्हा ती खाटेवर बसल्या जागी गार झाली होती. मी म्हणायचो, म्हातारी नव्वदीची होती, डोली नसती तरी गेली असती. त्यावर वडिलांनी मला एकदा कानफटात दिली होती.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मला सत्तेचाळिसावं लागलं तरी त्याच्या तोंडी मी बारक्याच. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी एकच बांबू वाहिला. चढताना खालच्या माणसावर भार जास्त येतो, म्हणून मी मागे असायचो आणि दादा पुढे. उतरताना सवारी असली तर आम्ही जागा बदलायचो. इतकी वर्षं एकाच्या पाठीकडे बघत चालल्यावर चेहऱ्यापेक्षा मान जास्त ओळखीची होते. दादाच्या मानेवर उजव्या बाजूला मसुराएवढा तीळ आहे. तो मला माझ्या तळहातापेक्षा पाठ होता.

त्या वर्षी डॉक्टरांनी दादाला तपासलं आणि हृदय दमलंय म्हणून सांगितलं. ओझं बंद करा, जिने बंद करा. दादा तिथेच हसला, कारण आमच्या घराबाहेर पडलं की चौदाशे पायऱ्यांशिवाय दुसरं काही नाही. वहिनीने मला दाराआड गाठलं. "भावजी, हे माझं ऐकायचे नाहीत. तुम्ही तरी त्यांच्या खांद्यावरचं जरा कमी करत जा." एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. तेव्हापासून मी जाड सवाऱ्या परस्पर दुसऱ्या जोड्यांकडे वळवू लागलो. दादाला कळलं असतं तर त्याने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, त्याही स्वतःच्याच.

त्या दिवशी एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. नवरा गेल्यापासून झोप लागत नाही, तीन दिवस दर्ग्याच्या ओसरीत राहायचं म्हणाल्या. बाई काडीसारख्या होत्या, म्हणून मी हो म्हटलं. अर्ध्या वाटेवर धुकं आलं. वर पोचेपर्यंत दर्ग्याचा घुमट नाहीसा झाला होता, नुसता हिरवा दरवाजा तेवढा दिसत होता. बाईंना मुजावरांच्या हवाली केलं. चढणीने दादाचे ओठ निळसर पडले होते आणि तो ते पुसल्यासारखे पुसत होता. उतरायला कुणी नव्हतं. दादाने तटाजवळून वीसेक किलोचा दगड निवडला, पाटावर ठेवला, त्यावर गोणपाट टाकलं आणि आत माथा टेकायला गेला.

मी तेव्हा जे केलं ते मायेपोटीच केलं, हे आधी सांगून ठेवतो. गोणपाट उचललं, दगड काढून भिंतीमागे ठेवला, आणि गोणपाटाची घडी करून दगडाएवढाच उंचवटा करून ठेवला. वीस किलो तर वीस किलो, दादाच्या खांद्यावरून तेवढे तरी उतरले. मुजावर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं की नाही मला माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

सवारी नव्हतीच, म्हणून जागा न बदलता निघालो, दादा पुढे आणि मी मागे. पहिल्या दोनशे पायऱ्या डोली फुलासारखी होती. मी मनात खूश होतो. दादालाही हलकं वाटलं असणार, पण तो दर्ग्यातून आला की थोडा वेळ गप्प असतो. धुक्यात त्याची पाठ होती, मान होती, त्याच्या पुढे काही नव्हतं. मग पडक्या बुरुजाचं वळण आलं आणि बांबू लवला.

एकदम नाही लवला. एखादं माणूस पाटावर बसताना आधी हाताने अंदाज घेतं, मग टेकतं, मग मागे सरकतं, तसा लवला. चारही दोर ताणले गेले. गोणपाटाची घडी हळूहळू चपटी होत गेली.

"आज काय अख्खा बुरूज उचललास की काय?" दादा पुढून म्हणाला. "मगाशी एवढा नव्हता."

मी हसल्यासारखा आवाज काढला. दगड मीच काढलाय हे सांगायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी माझ्या खांद्याने वजन वाचलं. आम्हाला हे शिकावं लागत नाही, येतंच. साठ किलोचा माणूस आणि बासष्टचा, आम्ही डोळे मिटून सांगू. हे सदुसष्ट होतं आणि उजवीकडे कललेलं होतं. तीन वर्षांपूर्वी दादा पायऱ्यांवरून घसरून डावा खुबा मोडून बसला होता. तेव्हा त्याला मी ह्याच डोलीतून खाली आणलं होतं. डाव्या कुल्ह्यावर भार नको म्हणून तो असाच उजवीकडे कलून बसला होता. सबंध उतारभर माझ्या खांद्याने तो कल सोसला होता, मी चुकणं शक्य नव्हतं.

पाटावर दादा बसला होता आणि दादाच माझ्यापुढे चालत होता. त्याच्या मानेवरचा तीळ मला दिसत होता.

मी भित्रा आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मला वाटायचं, मी विचार करणारा आहे. पाय आपोआप पडत होते आणि मी पायऱ्या मोजत होतो, जणू मोजल्याने त्या वाढणार होत्या. तळाला डोली टेकली की संपलं. मग टेकवायचीच नाही. पण किती वेळ? आणि पुढे उतारावर सगळा भार त्याच्याच खांद्यावर होता. तो धापा टाकू लागला होता.

वाटेत विसाव्याच्या जागा आहेत. दोन दगडी खांब उभे केलेत, बांबूची टोकं त्यांवर टेकवली की पाट अधांतरी राहतो, जमिनीला लागत नाही. तिथे पोचल्यावर मी म्हटलं की दादा, तू मागे ये, मी पुढे होतो. तो नेहमीसारखा वाद घालेल असं वाटलं होतं. पण त्याने नुसता घाम पुसला आणि मागे गेला. आम्ही पुन्हा बांबू उचलला.

आता मला काहीच दिसत नव्हतं. समोर धुकं, खाली पायरी, मागे दादाच्या चपलांचा आवाज. भार माझ्यावर आला होता, त्याचं मला बरं वाटत होतं. मग लक्षात आलं की मागे चाललेल्या दादाला पाट दिसतोय. गोणपाट एव्हाना सपाट झालेलं होतं. त्याखाली दगड नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी वाट बघत होतो की तो आता बोलेल, शिव्या देईल. तो बोललाच नाही. शंभरएक पायऱ्या आम्ही तसेच उतरलो. बांबूत एक बारीक थरथर होती, ती माझ्याच हातांची आहे असं मी धरून चाललो.

दुसऱ्या विसाव्याला तो म्हणाला, "टेकव."

बांबू खांबांवर ठेवून मी वळलो. दादाने खांद्यावरची गादी काढून बांबूला अडकवली, दोराला धरलं आणि पाटावर बसला, उजवीकडे कलून. मी धावलो, त्याचा दंड धरून ओढला. तो हलला नाही.

"दगड तू काढलास ना?"

मी मान हलवली.

"ओरडत नाही मी. सोड हात. जागा भरली की दुसरं कुणी बसत नाही, वडील म्हणायचे." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू होतास, बारक्या. सवारी बसल्याबसल्या पाय हलवत होती. तुझं अपेंडिक्स काढायचं होतं तेव्हा तुला ह्याच डोलीतून रस्त्याला नेलं होतं मी. सबंध वाटभर पाय हलवत होतास तू. बांबू कसा थरथरतो ते मी विसरेन होय?"

मला तर ते वजन त्याचं लागलं होतं, हे ओरडून सांगायचं होतं, पण तो बसला होता आणि त्याचे ओठ पुरते निळे झाले होते. आता सांगून तो उठला असता का, हे मी आजही स्वतःला विचारतो.

खालून पाणीवाला येत होता. वरच्या दुकानांना तो रोज पाण्याचे डबे पोचवतो, बैलासारखा गडी आहे. दादाची कळा बघून त्याने डबे तिथेच उतरवले आणि न विचारता पुढच्या टोकाला खांदा दिला. मी मागे. आम्ही उचललं आणि माझ्या खांद्याने पुन्हा वाचलं. सदुसष्ट, उजवीकडे कललेले. बुरुजाच्या वळणावर जेवढे होते तेवढेच, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

दादा मजेत होता, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. म्हणाला की आयुष्यभर लोकांना बसवलं, पण हे इतकं सुखाचं असतं हे कुणी सांगितलं नाही. पाणीवाल्याला म्हणाला, जरा हळू, सवारी नाजूक आहे. त्याचा आवाज मात्र मधेमधे तुटत होता.

शेवटच्या शंभर पायऱ्या राहिल्या तेव्हा धुकं विरळ झालं आणि मला राहवलं नाही.

"दादा, मला ते वजन तुझं वाटलं होतं. वर, बुरुजापाशी. मी बोललो नाही."

तो वळला नाही, वळताच येत नाही डोलीत. मला नुसता तीळ दिसत होता. मग त्याचे खांदे हलले. तो हसत होता.

"मग आधी बोलायचंस ना, गाढवा. मलाही तुझंच वाटलं, ते मी तरी कुठं आधी बोललो?"

मला तेव्हा कळलं ते असं की ज्याला ज्याची धास्ती होती, त्याला त्याचंच वजन लागलं होतं. कदाचित पाटावर कुणीच नव्हतं. आम्ही बोललो असतो तर दादा चालत घरी गेला असता. की नसता गेला, हृदय तर दमलेलंच होतं. हे मला आता कुणी सांगू शकत नाही, आणि मुजावरांना विचारायला मी पुन्हा वर गेलो नाही.

तळाचा थांबा आला. दगडांचा ढीग, चहाची टपरी, डोलीवाल्यांची बाकं. पाणीवाला वाकायला लागला, तसा मी ओरडलो, खाली ठेवायची नाही, चालत राहा. लोक वळून बघू लागले. आम्ही टोप्यांच्या दुकानावरून, फुलवाल्यावरून, पिठाच्या गिरणीवरून तसेच पुढे गेलो. माझ्या खांद्यातून रक्त येत होतं. दादा हळूच म्हणाला, ठेव रे आता. मी म्हटलं, नाही ठेवत. तो म्हणाला, किती वेळ? मी म्हटलं, मला सवय आहे.

गल्लीच्या टोकाला आमचं घर दिसलं. वहिनी ओट्यावर धुणं आपटत होती, पाठमोरी.

"तिला हाक मार," दादा म्हणाला. "माझा आवाज पोचायचा नाही."

मी हाक मारली. वहिनी वळली, तिने आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातलं कापड खाली पडलं. मी आणखी जोरात चालू लागलो, दारापर्यंत वीस पावलं उरली असतील. आणि बांबू वर उचलला गेला, दोर सैल पडले, खांद्यावरचं सगळं ओझं निघून गेलं. दादा माझ्यासमोर पाटावर बसलेला होता, त्याची मान पुढे कलली होती, तीळ दिसत होता. डोली मात्र रिकामी होती.