कमलाकांताचं नाक

कमलाकांत धैर्यवानाला दारुडा म्हणणाऱ्याचं तोंड आधी साबणानं धुवायला हवं. त्या माणसानं आयुष्यात भट्टीचा थेंब घेतला नाही. त्याचा शौक बरणीचा. भट्टी आणि बरणी यांतला फरक ज्यांना कळत नव्हता त्यांनी दारूबंदीचा कायदा केला, आणि ज्यांना कळत होता ते पोलिसाच्या शिट्टीला घाबरून जगत होते.

फरक साधा आहे. भट्टीत नवसागर आणि कुजका गूळ. पिणाऱ्याचे डोळे जातात, कधी जीवही जातो. बरणीत जांभूळ नाहीतर काळं द्राक्ष, साखर, चार लवंगा आणि घरातल्या बाईची राखण. गिरगावच्या खोताच्या वाडीत, गोराईला, उत्तनला, वसईला ख्रिस्ती घरांत पिढ्यान् पिढ्या या बरण्या लागत आल्या. नाताळला, बारशाला, लग्नाला. ते लोक त्याला वायन म्हणत. कायदा आला आणि बरण्या पलंगाखाली सरकल्या. मलबार हिलच्या शेटजींना मात्र तब्येतीसाठी परमिट मिळे. तब्येत शेटजींनाच असते. बाकीच्यांना नुसती शरीरं असतात.

कमलाकांत गिरगावातला जुना पाठारे प्रभू, डिलाईल रोडवरच्या एका गिरणीत हजेरीबाबू. त्याच गिरणीत साचे चालवणारा आनंदा हा त्याचा जोडीदार. रविवारी दोघं निघत. कमलाकांत चाखायला आणि मालवणचा आनंदा, त्याच्याच शब्दांत, "बाबू पडलो तर उचलूक". बाबू कधी पडला नाही. तो पीतच नसे. पेला नाकाशी धरी, डोळे मिटी, घोटभर जिभेवर फिरवी आणि मग बोले. गोराईच्या एका म्हाताऱ्याला त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "काका, या बरणीत आधी लोणचं होतं." म्हातारा भडकला, त्यानं बायकोला हाक मारली, आणि बायकोनं मान खाली घातली. तेव्हापासून घराघरांत त्याचं नाव पडलं, नाकवाले साहेब. बाया बरणी गाळण्याआधी त्याची वाट बघत.

आणि ते नाक गेलं.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई पेटली होती. महाराष्ट्रासाठी मुंबई मागितली म्हणून गोळ्या मिळत होत्या. कमलाकांत मोर्च्यात होता. अश्रुधुराचं नळकांडं त्याच्या पायाशी फुटलं आणि तो तोंडावर पडला, अगदी त्या धुरात. आनंदानं त्याला बखोट धरून ओढलं. डोळे दोन दिवसांत निवळले. नाक निवळलं नाही. चहा म्हणजे गरम पाणी, मासळी म्हणजे मऊ कापूस. सरकारनं आधी दारूबंदी करून तोंड बंद केलं होतं, आता नाकही बंद केलं. कामाचं सरकार.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायको सुमतीला तर आनंदच झाला. आयुष्यभर आमटीत खोड काढणारा नवरा करपलेला भातही मुकाट्यानं खाऊ लागला होता. "नवस केला होता की काय कुणी," ती शेजारणीला म्हणाली.

न सांगायचं कारण होतं. नाक होतं तोवर तो शौकीन होता. नाक गेलं की तो काय? कायदा मोडून बायाबापड्यांच्या दारात पेला मागणारा एक बाबू. बेवडा. हा शब्द त्याला रात्रंदिवस ऐकू येई. म्हणून तो जातच राहिला, आणि थापा मारत राहिला. मार्चमध्ये खोताच्या वाडीतल्या फिलूबायची द्राक्षाची बरणी त्यानं अशीच पास केली. "सोनं आहे, बाय. नाताळपर्यंत हात लावू नका." फिलूबायनं बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती पलंगाखाली सारली. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न नाताळात होतं.

मग श्रावण आला. एका रविवारी दोघं वाडीत गेले. फिलूबायनं खिडक्या लावून घेतल्या. बंदी आल्यापासून काचेचे ग्लास कपाटात गेले होते. आता कल्हईचे पितळी पेले निघत, बाहेरून काही दिसू नये म्हणून.

"नवी जांभळाची काढलेय," फिलूबाय म्हणाली. "आनंदा, तुला?"

"माका नुको गो बाय. श्रावण आसा. कोकम दी थोडा."

तिनं दोन पेले भरून तिवईवर ठेवले आणि कुणीतरी दार वाजवलं म्हणून ती बाहेर गेली. पाववाला होता. तेवढ्यात कमलाकांतानं जवळचा पेला उचलला आणि आनंदानं उरलेला. आनंदाला तहान लागली होती. त्यानं गटकन पेला रिकामा केला आणि मग तो हुंगून बघितला.

फिलूबाय आत आली. कमलाकांतानं डोळे मिटले, घोट फिरवला.

"यंदा जांभूळ वरचढ आहे, बाय. लवंग मागं राहिली, ते बरंच झालं. अजून महिनाभर ठेवा."

"बाबू," आनंदा हळूच म्हणाला, "तू काय पिलंस?"

"जांभूळ. दुसरं काय?"

"मगे माझ्या पेल्यात काय होता?"

फिलूबायनं कमलाकांताच्या हातातला पेला घेतला, हुंगला, आणि पुन्हा हुंगला. "ह्ये कोकम हाय."

"माझो श्रावण मोडलंस रे मेल्या," आनंदा उभा राहिला. "घरात बायल माका उभो सोलतली. आणि तुका कोकम कळना नाय? कोकम? आमच्या गावात जन्मलेला पोरसुद्धा..." आणि त्याचं वाक्य तिथंच थांबलं, कारण त्याला कमलाकांताचा चेहरा दिसला. इतक्या जवळचा माणूस, आणि आपल्याला सात महिने काही समजलं नाही.

"कवापासून?" फिलूबायनं विचारलं.

"जानेवारीपासून. धूर गेला होता नाकात."

"जानेवारी." तिनं हिशेब केला. "आनि माझी द्राक्षाची बरणी तुमी मार्चात पास केली."

 कमलाकांतानं टोपी उचलली आणि तो बाहेर पडला. फिलूबाय त्याला बेवडा म्हणाली नव्हती. ती नुसती पलंगाखाली बघत राहिली होती, आणि ते जास्त लागलं.

त्यानंतर कमलाकांताचे रविवार घरातच गेले. सुमतीला आता काळजी वाटू लागली. खोड न काढणारा नवरा तिला परका वाटत होता. गणपती गेले, दसरा गेला. दसऱ्यानंतरच्या रविवारी आनंदानंच त्याला ओढून आपल्या खोलीवर जेवायला नेलं.

डिलाईल रोडची ती चाळ. मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि टोकाला दोन संडास, त्यातल्या एकाचं दार वर्षभर मोडलेलं. मालकाला त्याचा वास येत नसे, कारण मालक समुद्राकाठी राहायचा. कमलाकांत गॅलरीतून चालत होता आणि मध्येच थबकला.

"काय झाला?" आनंदा म्हणाला.

कमलाकांतानं नाक वर केलं. मग तो संडासाच्या दिशेनं दोन पावलं गेला आणि कठड्याला धरून लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"आनंदा, घाण येतेय रे."

"मगे? अत्तर येतला?"

"नाही रे. मला येतेय. घाण. मला."

 आनंदानं आपल्या सदऱ्याची बाही त्याच्या नाकाखाली धरली. "ह्या काय?"

"खळ. सुताची खळ, आणि साच्याचं तेल. आणि तू तीन दिवस आंघोळ केली नाहीस."

"दोन," आनंदा म्हणाला, आणि खोलीत तोंड घालून ओरडला, "मालन, बाबूचा नाक इला गो."

आत त्याची बायको मालन सुके बोंबील भाजत होती. कमलाकांत चुलीजवळ असा बसला की तिला पदर सावरून सरकावं लागलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरानंच, असं त्यानं सांगितलं, आणि मालननं ते मान्य केलं. "त्या दिशी धुरान नाक न्हेलान," ती म्हणाली, "आज धुरानच दिलान. आता जेवा."

हात धुतल्या धुतल्या दोघं खोताच्या वाडीत गेले. फिलूबायनं दार अर्धंच उघडलं.

"नाक आलंय," कमलाकांत म्हणाला.

ती आत गेली. पेल्यात थोडं ओतून घेऊन आली आणि कोणती बरणी ते तिनं सांगितलं नाही. कमलाकांतानं पेला नाकाशी नेला. त्याचे डोळे मिटले नाहीत, उलट मोठे झाले.

"बाय, हा सिरका झालाय. द्राक्षाची आहे ना? गेली. पार गेली."

आणि तो हसू लागला. आधी हळू, मग भिंतीला टेकून. आनंदानं पेल्यातलं बोटावर घेऊन चाटलं, त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तोही हसू लागला.

"माझ्या पोरीच्या लग्नाची बरणी गेली," फिलूबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आनि ह्ये दोघं दात काढताव."

"माझी चूक आहे, बाय. द्राक्षं मी आणून देतो, साखर मी आणतो, बरणी मी धुतो."

"द्राक्षं आता कुठं मिळताव, नाकवाले?" ती म्हणाली, पण नाकवाले म्हणाली. मग ती पलंगाखाली वाकली. "सिरका चांगला कडक हाय का?"

"एकदम."

"मग विंदालूला हुईल. डुकराचं मटन तुमी आना, लग्नाच्या दोन दिवस आदी." तिनं जांभळाची बरणी ओढली, आणि बराच वेळ विचार करून कपाटातला काचेचा ग्लास काढला. खिडकी मात्र लावूनच घेतली.

कमलाकांतानं हुंगलं. या वेळी डोळे मिटले. घोट फिरवला आणि गिळलासुद्धा.

"हं," फिलूबाय म्हणाली. "बोला. लवंग मागं राहिली?"

"लवंग जास्त झालीय, बाय. बरीच जास्त."

"देवाचे आभार," ती म्हणाली, आणि दुसरा ग्लास आनंदासमोर ठेवला.