नारळ मागून फुटला

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. भांडुपच्या एका फोर्जिंग कारखान्यातली गोष्ट सांगतो. ऐकताना देवाचं नाव मनात असू द्या, कारण त्या दिवशी काशीरामच्या मनात दुसरं काही उरलंच नव्हतं.

काशीराम हॅमरवरचा मिस्त्री. सारी उमर पोलाद ठोकण्यात गेलेली. पंच्याऐंशी साली नव्या मोटारीचे सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, ॲल्युमिनियमचे करायचं काम आलं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, कमी घावांत साचा भरला पाहिजे." भट्टीची आच तापमानाच्या काट्यावर बघा, धातूच्या रंगावर नको, असंही बजावलं होतं. काशीराम हसला. लाली दिसल्याशिवाय त्याला धीर कुठला! धातू लोण्यासारखा साच्यात बसला. सगळे खूश.

पहिला नग देवीच्या तसबिरीपुढे ठेवायचा, त्यावर नारळ फोडायचा, मगच माल दाराबाहेर, ही तिथली रीत. पण साहेबांना घाई. आर्म बसवून गाडी आरे कॉलनीत चाचणीला गेलीसुद्धा.

मागून काशीरामने उरलेल्या नगांतला एक तसबिरीपुढे ठेवून त्यावर नारळ आपटला. नारळ फुटला, आणि खाली आर्मही मानेतून तुटला.

"अपशकुन झाला!" रतन फिटर पुटपुटला.

काशीरामने तुकडा उचलला. आत रव्यासारखे दाणे. पोलाद लाल होतं, ॲल्युमिनियम लाल दिसायच्या आधीच जळतं; लालीची वाट बघताना धातू आतून जळला होता. आणि ती गाडी चालवत होता धोंडू, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

काशीरामने धावत जाऊन रिक्षा पकडली, ती पवईवरून आरेकडे निघाली. "देवा, अजून एक वळण. एवढंच." समोरून गाडी आली की तो ड्रायव्हरचा चेहरा बघायचा, पुढे काही घडलेलं दिसतंय का म्हणून. देवाचं नाव ओठांतल्या ओठांत चाललं होतं.

आरेच्या उतारावर गाडी दिसली. काशीराम रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवू लागला.

धोंडूने खिडकीतून डोकं काढलं. "काय ओ भावजी, म्हशी हाकायला आलात काय?"

"थांब! धोंड्या, थांब रे!"

धोंडूने ब्रेक मारला. पुढचं चाक आत दुमडलं, गाडी गिरकी घेऊन झाडावर गेली.

धोंडू जगला. उजवा पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला. बरा झाल्यावर त्याने कारखान्याच्या दारातच स्टूल मागून घेतलं. नारळ फुटल्याशिवाय एक नगही बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि आत ओरडायचा, "भावजी, काटा बघितलात ना?"

काशीराम दरवेळी काटा पुन्हा बघायचा.

तुमची गाडी खड्ड्यातून सुखरूप वर आली, की मायबापहो, त्या दारातल्या धोंडूची आठवण ठेवा.