लग्न लागताना अटकणारी सीडी

बहिणीच्या लग्नाची फिल्म टिकेशनं घरच्या कम्प्युटरवर स्वतःच कापली, जोडली, तेव्हा त्याला वाटलं होतं की अवघड काम तेवढंच. शूटिंगवाल्याचं फुटेज, पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपा, मागं सनई. सगळं सीडीवर चढवलं आणि गोंदियाच्या स्टँडवर देवरीच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती दिलं. देवरीपलीकडच्या गावात त्याची माय तुलसाबाई एकटी राहायची. सीडी पोचली आणि लगेच तिचा फोन आला.

"अटकून राहिली रे."

"कुठं?"

"लग्न लागते तिथंच. अक्षता पडाले लागल्या का बंद."

आणि मायला फिल्म हवी होती ती नेमकी तेवढ्यासाठी. पोरीचं लग्न लागताना आईनं पाहायचं नाही, तुळशीला पाणी घालत बसायचं, ही त्यांच्या घरची रीत. दुर्गेश्वरीचं लग्न लागलं तेव्हा माय परसात होती, आणि मांडवात टिकेशचे वडील धनलाल चारचौघांत रडले म्हणे. एवढ्या संसारात तिनं या माणसाच्या डोळ्यांत टिपूस पाहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते वारले. रडताना ते कसे दिसत, हे आपणच तेवढं पाहिलं नाही, ही गोष्ट तिला फार सलत होती. मोबाइलवर पाठवतो म्हटलं, तर "त्यात माणूस बोटाएवढा दिसते," म्हणून तिनं ते उडवून लावलं.

टिकेश कामाला लागला. त्याच्या घरच्या प्लेयरवर फिल्म बिनबोभाट चालत होती. म्हणजे सीडी हलक्या मालाची असणार. त्यानं चांगली आणली आणि सावकाश वेगानं पुन्हा चढवली. बसनं गेली, अटकली. मग त्यानं मोबाइलच्या क्लिपांवर खापर फोडलं आणि त्या सगळ्या नव्यानं बदलून घेतल्या. पुढची गेली. "तिथंच," माय म्हणाली. दरवेळी एकाच जागी अडते, म्हणजे खोट फिल्ममध्येच, हा त्याचा हिशेब पक्का होता. बायकोनं, नीतूनं, एकदा विचारलं, "जाऊन काऊन नाही पाहत?" पण ज्याला कम्प्युटर येतो त्यानं बसचे धक्के कायले खायचे, असं त्याचं मत होतं.

शेवटी सगळे इलाज थकले आणि तो नवी सीडी घेऊन स्वतः गेला.

मायनं सीडी हातात घेतली, पदरानं हळूच पुसली आणि प्लेयर सोडून देव्हाऱ्याकडं गेली. तिथं धनलालांचा फोटो होता, त्याला ती रोज टिका लावायची. तशीच तिनं कुंकवात ओलं बोट बुडवलं आणि सीडीच्या चकचकीत बाजूला, भोक आणि कड यांच्या बरोबर मध्ये, ठसठशीत टिका लावला.

"माय, हे काय करून राहिली?"

"काय म्हंजे? तुये बाबूजी आहेत ना अंदर. तसंच कसं लावाचं?"

"सगळ्याइले लावला?"

"त मंग?"

टिकेशनं कपाळावर हात मारला. प्लेयर आतून बाहेर वाचत जायचा, फिल्म निम्मी व्हायची, आणि तेवढ्यात टिका आडवा यायचा. त्याला हसू आलं, रागही आला, आणि तिच्यासमोर दोन्ही गिळावी लागली. ओल्या फडक्यानं त्यानं सीडी निपटून पुसली. "टिका लावाचा असन त नाव लिहिलं त्या बाजूनं लाव," एवढंच म्हणाला.

फिल्म लागली. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि चित्र पुढं सरकलं. माय टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

धनलाल रडत नव्हते. डोळे कोरडे ठणठणीत. लोकांनी उगाच काहीतरी सांगितलं होतं. नवरा-नवरीकडं पाठ फिरवून ते टाचा उंचावून गर्दीच्या डोक्यावरून परसदाराकडं पाहत होते. सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या होत्या, यांची मूठ अजून मिटलेलीच होती. फिल्म जोडताना टिकेशनं हा तुकडा कितीदा पाहिला होता. बाबूजी आचाऱ्याला शोधत असतील, रडणं कॅमेऱ्यातून सुटलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

तो समजावायला पुढं सरकला. पण मायला सांगायची गरजच नव्हती. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती उठून उभी राहिली.

"आली ना जी," ती टीव्हीकडं पाहून म्हणाली. "पानी घालून राहिली होती."